पाटीवरचे ८ किलोमीटर

वनोद्यानांतल्या आखलेल्या पायवाटा, त्यांवरचे धबधबे आणि माथ्यावरची निरीक्षणस्थळं या विषयावर या वेळी बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांबलेली पत्रं आटोपशीर केली आहेत.

प्रश्न: प्रवेशद्वारावरच्या पाटीवर ‘वर्तुळाकार वाट, ८ किमी’ असं लिहिलं होतं. सपाटीवर एवढं अंतर आम्ही दोन तासांत सहज चालतो. इथे घरच्यांसोबत साडेचार तास लागले आणि शेवटचा टप्पा अंधारात चाचपडत काढावा लागला. पाटी चुकली होती का?

उत्तर: पाटी बरोबर होती. तिने अंतर सांगितलं, पण चढ सांगितला नाही.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा अजूनही वापरात आहे. मैल आणि फुटांतला तो हिशोब मेट्रिकमध्ये असा होतो: दर ५ किमीला १ तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. म्हणजेच १०० मीटर चढलात की १० मिनिटं जादा. तुमच्या वाटेवर एकूण ४५० मीटर चढाई होती असं धरू. अंतराची ९६ मिनिटं, चढाईची ४५, एकूण १४१ मिनिटं, म्हणजे सव्वादोन तासांच्या जरा वर. हा आकडा सराव असलेल्या, कुठेही न थांबणाऱ्या माणसाचा आहे. सोबत लहान मुलं किंवा सवय नसलेलं कोणी असेल तर ताशी ३ किमी आणि दर १०० मीटर चढाईला १५ मिनिटं धरावीत. मग १६० अधिक ६७, म्हणजे पावणेचार तास होतात. त्यात दर तासाला १० मिनिटांचा थांबा मिळवा, की साडेचारपर्यंत पोहोचलातच.

एकूण चढाई म्हणजे सुरुवात आणि माथा यांच्या उंचीतला फरक नव्हे. बहुतेकांचा हिशोब इथेच फसतो. वाहनतळ २०० मीटरवर आणि माथा ३८० मीटरवर असेल तर फरक १८० मीटरचाच दिसतो. पण वाट मध्ये तीन घळींत उतरून पुन्हा वर येत असेल आणि प्रत्येक घळ ९० मीटर खोल असेल, तर तुमचे पाय ४५० मीटर चढलेले असतात. कागदी नकाशावर हे समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, मोजून कळतं. फोनवरच्या बहुतेक नकाशांत वाटेचा उंचीचा आलेख असतो, तिथे एकूण चढ वेगळा दिलेला असतो. निघण्याआधी बघायचा आकडा तोच.

उतारावर वेळ वाचतोच असंही नाही. एरिक लँगमुर यांनी नेस्मिथच्या हिशोबात घातलेली दुरुस्ती सांगते की ५ ते १२ अंशांच्या हलक्या उतारावर दर ३०० मीटरमागे १० मिनिटं वाचतात, पण त्याहून तीव्र उतारावर तेवढीच १० मिनिटं वाढतात. ओली माती आणि मुळांचं जाळं असेल तर आणखी.

धबधब्याच्या वाटांची एक वेगळी खोड आहे. धबधबा बऱ्याचदा खाली असतो, त्यामुळे आधी उतरायचं आणि मांड्या भरून आल्यावर चढायचं. अशा वाटेवर हातात असलेल्या वेळेचा एक तृतीयांश जाण्यासाठी ठेवावा आणि दोन तृतीयांश परतीसाठी. तीन तास असतील तर एक तास झाला की मागे फिरायचं, धबधबा पुढच्याच वळणावर आहे असं कोणी कितीही सांगो. वर्तुळाकार वाटेवर मागे फिरण्याचा निर्णय निम्मं अंतर व्हायच्या आत घ्यावा लागतो. त्यानंतर मागे जाणंच लांब पडतं. आणि दिशा निवडता येत असेल तर खडा भाग चढायला घ्या, सौम्य भाग उतरायला ठेवा, कारण पाय घसरतात ते उतरताना.

अंधाराचं म्हणाल, तर दाट झाडीत सूर्य मावळायच्या बऱ्याच आधी वाट दिसेनाशी होते. मावळतीच्या १ तास आधी वाहनतळावर असू असा बेत ठेवा. हेडटॉर्च सकाळच्या चालीलाही सॅकमध्ये असावा. फोनच्या दिव्याने एक हात अडकतो आणि नेमकी ज्याची गरज पडणार ती बॅटरी संपते.

प्रश्न: झाडांवर कुठे त्रिकोण, कुठे रंगाचे पट्टे, कुठे नुसते बाण असतात. यांचा काही एकच नियम आहे का?

उत्तर: जगभर लागू असा नियम नाही. न्यूझीलंडमध्ये झाडांवर नारिंगी त्रिकोण ठोकलेले असतात. स्वित्झर्लंडमध्ये साध्या वाटेला पिवळी खूण, डोंगरी वाटेला पांढरा-लाल-पांढरा पट्टा आणि कातळ-बर्फाच्या अवघड वाटेला पांढरा-निळा-पांढरा. अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन ट्रेलवर मुख्य वाटेला पांढरे पट्टे आणि फाट्यांना निळे. एकावर एक दोन पट्टे दिसले तर पुढे वळण आहे, लक्ष द्या. श्रेणींचंही तेच. ऑस्ट्रेलियात वाटांना १ ते ५ अशी प्रतवारी आहे, पण दुसरीकडच्या ‘मध्यम’शी तिची तुलना करू नका. उद्यानाच्या पहिल्या फलकावर खुणांचा खुलासा असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

पद्धत मात्र कुठेही तीच. एका खुणेपाशी आलात की पुढची नजरेने शोधायची, मग पाऊल टाकायचं. पाचेक मिनिटं चालूनही खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत परत यायचं. ‘पुढे कुठेतरी मिळेलच’ म्हणून रेटायचं नाही. फाट्यावर मागे वळून बघण्याची सवय लावा: जाताना सरळ वाटलेली वाट परतताना दोन सारख्या वाटांसारखी दिसते, आणि परतीच्या खुणा झाडाच्या दुसऱ्या बाजूला असतात.

प्रश्न: वाट ओढ्यातून जाते. जाताना घोटाभर पाणी होतं, परतताना गुडघ्याच्या वर आलं होतं. वर पाऊसही दिसला नाही. अशा वेळी ओलांडायचं की थांबायचं, हे ठरवायचं कसं?

उत्तर: तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी ओढ्याचं पाणलोट क्षेत्र वर कुठेतरी कड्यामागे असतं. तिथे सर आली की पाणी थोड्या वेळाने खाली पोहोचतं. तीव्र उताराच्या लहान पाणलोटात ते झपाट्याने चढतं, पण पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतंही. म्हणून गढूळ झालेल्या लहान ओढ्यावर पहिलं उत्तर ‘थांबा’ हेच. भिजलेल्या अंगाने दोन तास बसणं त्रासाचं असतं, पण ते निभावून नेता येतं.

पाणी पडताळण्याच्या चार गोष्टी. एक, रंग: स्वच्छ पाणी एकाएकी मातकट झालं, पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या, तर पाणी अजून चढतं आहे. काठावरच्या एका दगडाच्या कडेवर नजर ठेवा, दहा मिनिटांत फरक कळतो. दोन, आवाज: तळातून घरंगळणाऱ्या दगडांचा गडगडाट ऐकू आला तर पाय घालायचाच नाही. तीन, वेग: काठी टाका आणि तिच्या बरोबरीने काठाने चाला. ती तुमच्या चालण्यापेक्षा पुढे पळाली तर ओलांडू नका. पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की पायावरचा जोर चौपट. गुडघाभर पाणीही त्या वेगात धडधाकट माणसाला आडवं करतं. चार, खोली: पाण्यात प्रकाश वाकतो, त्यामुळे वरून सरळ खाली बघताना तळ प्रत्यक्षाच्या तीन चतुर्थांश खोलीवर दिसतो आणि तिरपं बघताना त्याहूनही उथळ. जे ४५ सेंटिमीटर वाटतं ते ६० असतं.

सगळं ठीक असेल तर जागा निवडा. पाणी रुंद पसरलेलं, तळ बारीक गोट्यांचा, पलीकडचा काठ सहज चढता येईल असा. अरुंद जागा जवळची वाटते, पण तिथेच पाणी खोल आणि वेगवान असतं. खाली ५० मीटरवर काय आहे ते आधी पाहा. धबधबा, वळणावरचा कातळ किंवा आडवं पडलेलं झाड असेल तर दुसरी जागा. पाण्यात अडकलेलं झाड फार वाईट: फांद्यांच्या जाळीतून पाणी निघून जातं, माणूस दाबला जाऊन तिथेच राहतो. बूट काढू नका. अनवाणी पाय गोट्यांवर लटपटतात. प्रवाहाकडे जरा तिरपं तोंड, हातात काठी, एका वेळी एकच पाऊल, आणि पायांकडे बघत न राहता पलीकडच्या काठाकडे नजर.

प्रश्न: धबधब्याच्या माथ्यावर पाणी संथ आणि घोटाभरच असतं. तिथे उभं राहायला बंदी का? आणि खालच्या डोहात पोहायलाही काही ठिकाणी मनाई असते, ती कशासाठी?

उत्तर: माथ्यावरचा कातळ पाण्याने वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत केलेला असतो आणि त्यावर शेवाळाचा पातळ थर असतो. हा थर बऱ्याचदा हिरवा नसतो, तपकिरी किंवा जवळपास पारदर्शक असतो. म्हणून ‘इथे तर शेवाळ नाही’ असं वाटून माणूस पाय ठेवतो. पाणी कडेकडे येताना वेग घेतं, पण पृष्ठभाग सपाटच दिसतो. घसरलेल्या माणसाला पकडायला तिथे काही नसतं. दुसरी गोष्ट कडेची: धबधब्यामागचा मऊ खडक झिजत जातो आणि वरचा कठीण थर पुढे ओठासारखा राहतो. आपण ज्यावर उभे आहोत त्याच्या खाली काय आहे ते वरून दिसत नाही. कठडा जिथे आहे तिथेच का आहे, याचं कारण बहुतेक वेळा खालून पाहिलं की कळतं.

डोहाबद्दल. पडणाऱ्या पाण्यात हवा मिसळून जो पांढरा फेस होतो त्याची घनता साध्या पाण्याहून कमी असते, त्यामुळे चांगला पोहणाराही त्यात खाली जातो. शिवाय धारेच्या पायथ्याशी पाणी तळाला जाऊन उलटं फिरतं आणि माणसाला पुन्हा धारेखाली ओढतं. वरून दगड आणि ओंडके येतात, विशेषतः पावसानंतर. पाणी खूप थंड असेल तर उडी घेताच श्वास आपोआप जोरात ओढला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं तर संपलंच. जिथे परवानगी आहे तिथे धारेपासून दूर, डोहाच्या बाहेर पडणाऱ्या टोकाकडे, चालत उतरा.

उडी मारण्याच्या बाजूने कुणी बोलत असेल तर हा आकडा दाखवा: १० मीटरवरून पडणारा माणूस ताशी सुमारे ५० किमी वेगाने पाण्यावर आदळतो. आणि गेल्या वेळी मोकळा असलेला तळ या वेळी मोकळा असेलच असं नाही. पुराबरोबर ओंडके जागा बदलतात.

प्रश्न: धबधब्यात इंद्रधनुष्य हमखास दिसावं म्हणून कोणत्या वेळी जावं?

उत्तर: सूर्य पाठीशी हवा. तुमच्या डोक्याच्या सावलीभोवती ४२ अंशांवर कंस पडतो. तुषारांचा पडदा त्या कंसावर असला की काम झालं. धबधब्याचं तोंड पूर्वेला असेल तर सकाळी, पश्चिमेला असेल तर दुपार कलल्यावर जा. सूर्य ४२ अंशांच्या वर असताना समोर सपाटीत कंस दिसत नाही, पण उंचावरच्या कठड्यावरून खाली दरीतल्या तुषारांत दिसतो. पौर्णिमेच्या आसपास चंद्रप्रकाशातही धनुष्य उमटतं. व्हिक्टोरिया धबधबा त्यासाठी प्रसिद्ध आहे.

प्रश्न: काही उद्यानांत वाटेच्या तोंडाशी ब्रश आणि फवारणीची जागा असते, आणि काही वाटा वर्षानुवर्षं बंद ठेवतात. चालणाऱ्यांच्या बुटांनी असं काय होतं?

उत्तर: बुटाच्या खाचेतल्या चिमूटभर मातीतून झाडांचा रोग एका खोऱ्यातून दुसऱ्यात जातो. न्यूझीलंडमधलं ऑकलंडजवळचं वायटाकेरे रेंजेस हे प्रादेशिक उद्यान याचं ठळक उदाहरण. तिथल्या कौरी या प्रचंड वृक्षांना फायटॉप्थोरा अगाथिडिसिडा हा मातीतला सूक्ष्मजीव मारतो. तो मुळांतून शिरतो आणि झाडाचं अन्नपाणी तोडतो; खोडाच्या बुंध्याशी राळ गळू लागते, शेंडा विरळ होतो. त्यावर अजून खात्रीचा इलाज नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ते कावेराऊ आ माकी या तिथल्या माओरी समुदायाने जंगलावर राहुई, म्हणजे पारंपरिक प्रवेशबंदी, जाहीर केली आणि २०१८ मध्ये ऑकलंड परिषदेने उद्यानाचा जंगलाचा भाग अधिकृतपणे बंद केला. नंतर एकेक वाट दुरुस्त करून उघडण्यात आली. कौरीची अन्न शोषणारी बारीक मुळं अगदी वरच्या थरात असतात, त्यामुळे दुरुस्ती म्हणजे प्रामुख्याने मुळांवरून नेलेले फळ्यांचे मार्ग आणि कोरडी, खडी घातलेली वाट. याच कुळातल्या दुसऱ्या जातींनी पश्चिम ऑस्ट्रेलियातली जारा या वृक्षांची जंगलं आणि कॅलिफोर्नियातले ओक पोखरले आहेत.

ब्रशच्या जागी क्रम महत्त्वाचा: आधी घासायचं, मग फवारायचं. बरेच जण चिखलावरच फवारा मारून पुढे जातात. त्याचा उपयोग नाही, कारण जंतुनाशक मातीच्या गोळ्याच्या आत पोहोचत नाही आणि मातीतल्या सेंद्रिय अंशाने त्याचा जोरही मरतो. सोलच्या खाचा, टाचेचा कोपरा, बुटाची जीभ, चालण्याच्या काठ्यांची टोकं आणि बाळगाडीची चाकं ही विसरली जाणारी ठिकाणं. जातानाही करायचं आणि येतानाही. घरी बूट धुऊन पूर्ण वाळवा.

प्रश्न: वळणावळणाच्या वाटेवर मधून सरळ उतरणारी पाऊलवाट पडलेलीच असते. ती वापरली तर काय बिघडतं?

उत्तर: वाट आखणारा तिचा उतार साधारण १० टक्क्यांच्या आसपास ठेवतो आणि बाहेरच्या बाजूला किंचित कल देतो, म्हणजे पाणी वाट ओलांडून निघून जातं. सरळ आडवाटेवर पाणी वाटेच्या लांबीने धावतं. एका पावसात चर, पुढच्या दोन पावसांत नाली, मग मुळं उघडी आणि वरचं वळण खचलेलं. तुमचा वाचलेला वेळ दोन-तीन मिनिटं. शिवाय वरून सुटलेला दगड खालच्या वळणावरच्या माणसावर जातो.

प्रश्न: झुलत्या पुलावर ‘एका वेळी २ व्यक्ती’ असं लिहिलेलं असतं, पण पूल चांगला भक्कम दिसतो. हा आकडा पाळावाच लागतो का?

उत्तर: हो. मर्यादा दिसणाऱ्या फळ्यांची नसते, तारदोर आणि त्यांना काठावर पकडून ठेवणाऱ्या नांगरांची असते. त्यात हलणाऱ्या वजनाचा हिशोब धरलेला असतो, उभ्या वजनाचा नव्हे. पावलं एका तालात पडली तर डोल वाढत जातो. १८३१ मध्ये इंग्लंडमधला ब्रॉटनचा झुलता पूल सैनिकांच्या कवायतीच्या चालीखाली कोसळला, आणि त्यानंतर पुलावर ताल मोडून चालण्याचा हुकूम निघाला. मधोमध चाला, सॅकचे लोंबणारे पट्टे आत खोचा आणि फोटो काठावरून काढा.

प्रश्न: वाट चुकल्यावर ओढा धरून खाली जावं, म्हणजे वस्ती लागते, असं ऐकलं आहे. खरं आहे का?

उत्तर: धबधब्यांच्या मुलखात हा सल्ला जीवावर बेततो. ओढा आपल्यासाठी वाट काढत नाही. तो घळीत शिरतो, भिंती उंच होत जातात आणि शेवटी कड्यावरून पडतो. तुम्ही अशा जागी पोहोचता जिथून खाली उतरता येत नाही आणि वर चढणंही अवघड असतं. पाण्याच्या आवाजात शिट्टी ऐकू जात नाही, आणि खोल घळीत फोनला ना रेंज मिळते ना उपग्रहाचा धड सिग्नल.

चुकल्याची शंका आली की थांबा. बसा, पाणी प्या. शेवटची नक्की माहीत असलेली जागा कोणती आणि ती किती मिनिटं मागे राहिली ते आठवा. आल्या पावली तिथपर्यंत परत जाता येत असेल तर जा. तुमच्या पावलांची वाट दिसत नसेल तर जागा सोडू नका. शोधणारे आधी वाटेच्या आसपास बघतात. तुम्ही जितके चालाल तितकं त्यांचं शोधक्षेत्र वाढतं. शिट्टीचा आंतरराष्ट्रीय संकेत मिनिटाला ६ वेळा, मग १ मिनिट शांतता, पुन्हा ६. उत्तर म्हणून मिनिटाला ३ येतात. टॉर्चनेही हाच संकेत देता येतो. उत्तर अमेरिकेत ३ शिट्ट्यांचा संकेत रूढ आहे. शिट्टी सॅकच्या खांद्यावरच्या पट्ट्याला बांधा, आतल्या कप्प्यात ठेवू नका.

फोनबद्दल दोन गोष्टी. रेंज नसलेल्या जंगलात फोन सारखा सिग्नल शोधत राहतो आणि बॅटरी संपवतो, म्हणून सुरुवातीपासून विमान मोडवर ठेवा. आधी उतरवून ठेवलेला नकाशा आणि जीपीएस त्यातही चालतात. आणि तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या एखाद्या कंपनीचं जाळं असेल तर आपत्कालीन क्रमांक त्यावरून लागतो, म्हणून प्रयत्न जरूर करा. झाडांच्या दाट छताखाली आणि कड्यालगत नकाशावरचा तुमची जागा दाखवणारा निळा ठिपका कित्येक मीटर सरकतो. तो वाटेच्या बाजूला दिसला म्हणून लगेच झाडीत घुसू नका.

सगळ्यात उपयोगी काम मात्र निघण्याआधीचं. कोणती वाट, किती वाजता परत, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कोणाला कळवायचं, हे मागे राहणाऱ्या एका माणसाला लिहून द्या. ‘संध्याकाळपर्यंत येऊ’ या वाक्यावर कोणी शोध सुरू करत नाही.

प्रश्न: माथ्यावर पोहोचल्यावर नेहमी धुरकटच दिसतं. आणि वीज कडाडू लागली तर निरीक्षण मनोऱ्यावर थांबावं की उतरावं?

उत्तर: आधी विजेचं. उतरावं, आणि लवकर. चमक आणि आवाज यांतली सेकंदं मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांचं अंतर म्हणजे वीज १० किमीवर, आणि तेवढं अंतर ढगाला काहीच नाही. मनोरा, लोखंडी कठडा, एकटं झाड, नुसतं छप्पर असलेली चौकी आणि कड्याखालची उथळ कपार ही सगळी टाळायची ठिकाणं. सगळ्यात सुरक्षित म्हणजे बंद इमारत किंवा बंद गाडी. ती नसेल तर माथ्यावरून खाली, सारख्या उंचीच्या बुटक्या झाडीत, आणि एकमेकांत अंतर ठेवून. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं वर जायचं नाही.

धुरकटपणाचं उत्तर वेळेत आहे. हवेतली धूळ आणि बाष्प सूर्याच्या दिशेला सर्वांत जास्त चमकतं. म्हणून दूरचं बघायचं तर सूर्य पाठीमागे हवा: सकाळी पश्चिमेचा देखावा, संध्याकाळी पूर्वेचा. सूर्यास्त बघायला उत्तम असलेली जागा त्या वेळी दूरचे डोंगर बघायला सर्वांत वाईट असते. पाऊस पडून गेल्यानंतरचे काही तास सर्वांत स्वच्छ. अगदी पहाटे दरीत धुकं साचलेलं असतं, ते ऊन चढेपर्यंत हलत नाही. क्षितिज किती दूर, याचा सोपा हिशोबही आहे: भोवतालच्या सपाटीपासूनच्या उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा आणि ३.५७ ने गुणा. ४०० मीटर उंचीवरून सुमारे ७१ किमी. त्यापलीकडचे उंच डोंगर अर्थातच दिसू शकतात.

प्रश्न: उतरताना पायाची नखं काळी पडतात आणि गुडघे दुखतात. बूट महागातले आहेत. आणि ओल्या फळ्यांवर तेच बूट सपशेल घसरतात.

उत्तर: किमतीचा संबंध नाही. चालताना पाय सुजतो, त्यामुळे बूट दुपारनंतर, जाड मोजे घालून, अंगठ्यापुढे एक बोट जागा राहील असा निवडावा. एवढी जागा असूनही बोटं पुढे आदळत असतील तर दोष नाडीचा. उतरण्याआधी दोन मिनिटं थांबा, टाच मागे दाबा, घोट्याच्या वळणावर नाडीला दुहेरी पीळ द्या आणि तिथून वर घट्ट बांधा. पंजावर मात्र सैल ठेवा. टाच जागेवर राहिली की नखं वाचतात. मोजे लोकरीचे किंवा सिंथेटिक. सुती मोजा ओला झाला की सुकत नाही आणि ओली कातडी सोलवटते. कुठेही चुरचुरलं की तिथल्या तिथे चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावून फारसं हाती लागत नाही.

गुडघ्यांसाठी लांब ढांगा बंद करा. छोटी पावलं, गुडघा किंचित वाकलेला, पाऊल शरीराच्या खालीच. दोन काठ्या असतील तर सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढी लांबी ठेवा आणि उतारावर ५ ते १० सेंटिमीटर वाढवा.

ओल्या लाकडावर कोणताच रबरी सोल पूर्ण भरवशाचा नाही. खोल खाचा चिखलात धरतात, पण गुळगुळीत फळीवर टेकायला पृष्ठभागच कमी उरतो. म्हणूनच चांगल्या देखभालीच्या मार्गांवर फळ्यांवर तारेची जाळी ठोकलेली असते. जाळी नसेल तिथे पूर्ण तळवा एकदम टेकवा, बाजूला रेटा देऊ नका, वळताना थांबून वळा. उघड्या मुळांवर पाय देऊ नका, ती ओलांडा. साल निघालेलं तिरपं ओलं मूळ फळीपेक्षाही वाईट.

प्रश्न: धबधब्याचं पाणी वाहतं असतं, मग ते थेट प्यायला काय हरकत?

उत्तर: वाहतं म्हणजे शुद्ध नव्हे. वर कुठे जनावर मेलं आहे, कुठे कोण शौचाला बसलं आहे, हे खाली दिसत नाही. शक्यतो सगळं पाणी बरोबर न्या: मध्यम चालीला माणशी ताशी अर्धा लिटर, कडक उन्हात चढ असेल तर एक लिटरपर्यंत. बाहेरचं प्यावंच लागलं तर गाळ बसू द्या, कापडातून गाळा आणि खळखळ १ मिनिट उकळा; २,००० मीटरच्या वर पाणी कमी तापमानाला उकळतं, तिथे ३ मिनिटं. ०.२ मायक्रॉन छिद्रांचा फिल्टर जिवाणू आणि जिआर्डिया हा पोट बिघडवणारा परजीवी अडवतो, विषाणू अडवत नाही. क्लोरीनच्या गोळ्या विषाणू मारतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम हा तसाच दुसरा परजीवी त्यांना दाद देत नाही. उकळणं दोन्हीला पुरतं. आणि खाली दुसरं कोणी तेच पाणी भरणार आहे, तेव्हा शौचाला पाण्यापासून, वाटेपासून निदान ६० मीटर दूर जा, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करा, नंतर बुजवा आणि कागद पिशवीत घालून परत आणा.